सर्जामामांची शांतता

कोल्हापुरात शांतता मागून मिळत नाही. मागितली की लोक "का? काय झालं? कोण गेलं?" असं विचारत घराबाहेर येतात आणि होती नव्हती तेवढी शांतताही जाते. इथं तिची रीतसर व्यवस्था लावावी लागते, लग्नात आचाऱ्याची लावतात तशी. ही व्यवस्था लावणारा एकच भरवशाचा माणूस मला माहीत आहे, आणि तो मंगळवार पेठेतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस आहे. त्यांचं नाव सर्जेराव. गल्ली त्यांना सर्जामामा म्हणते, म्हणून मीही.

मी सिनेमासाठी आवाज घेते. घर शाहूपुरीत, वडिलांचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान, आणि मुलगी कानाला हेडफोन लावून लोकांच्या गल्लीबोळांतून हिंडते, हे आमच्या नातेवाइकांना अजून नीटसं पटलेलं नाही. पूर्वी शूटिंग चालू असताना कितीही दंगा झाला तरी चालायचा. नट नुसते ओठ हलवायचे आणि आवाज नंतर स्टुडिओत भरला जायचा. हल्लीच्या सिनेमात माणसं खऱ्यासारखी बोलतात, कुजबुजतात, वाक्य अर्धं सोडून देतात, आणि ते तिथल्या तिथं, त्याच क्षणी धरावं लागतं. मग मागून एखादी मोटारसायकल गेली की सगळं मुसळ केरात. या धंद्यानं माझा स्वभाव बिघडवला आहे हे मला मान्य आहे. आई म्हणते, "बरं झालं तू लग्न केलं नाहीस, सासूला 'जरा हळू चावा' म्हणाली असतीस."

मामांचा मूळ धंदा याच्या अगदी उलटा. जुन्या सिनेमांना गर्दी लागायची, आणि ती मामा पुरवायचे. बाजाराच्या सीनला बायका, जत्रेला पैलवान, पंचायतीला फेटेवाले म्हातारे, बैलगाड्या, बैल, हवं ते. "त्या टायमाला सीन चालू असताना डायरेक्टर वरडायचा, 'रड, अजून रड!' आन् नटी रडायची," असं ते अभिमानानं सांगत. पुढं तसे सिनेमे कमी झाले. नव्या पोरांना गर्दी नको होती आणि असलेली गर्दी गप्प हवी होती. मामांनी कुरकुर न करता धंदा फिरवला. "आदी माणसं गोळा करायचो, आता गप करतो. माणसं तीच हायत की," म्हणायचे.

पहिल्या दिवशी आमची ओळख झाली तीच भांडणातून. टेक सुरू होणार म्हणून मामांनी "शांऽऽत!" अशी हाक दिली. समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्यांची फडफड थांबेपर्यंत मामांच्या हाकेचे पडसाद भिंतींवरून परत येत राहिले, आणि ते थांबेपर्यंत कुत्री सुरू झाली. मी हेडफोन काढून म्हटलं, "मामा, या गल्लीतला सगळ्यात मोठा आवाज तुमचाच आहे." त्यांना ते फार लागलं. दुपारी माझ्याशी बोलले नाहीत, चहाही दुसऱ्याच्या हातून पाठवला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी तोंड उघडलं नाही. खांद्यावरचा लाल टॉवेल उचलून वर धरला की गल्ली गप्प, टॉवेल खांद्यावर परत गेला की गल्ली मोकळी, असा कायदा त्यांनी करून टाकला आणि लोकांनी तो पाळला. शिवाय त्यांच्या पायातल्या चपला. कोल्हापुरी, जाड, आणि चालताना अशा करकरायच्या की मामा येत असल्याचं आधीच्या चौकात कळायचं. या चपलांमध्ये त्यांचा जीव होता, पण शूटिंगच्या दिवशी ते त्या गल्लीच्या तोंडाशी काढून ठेवून अनवाणी आत यायचे. देवळाबाहेर काढाव्यात तशा त्या तिथं दिसल्या की येणाराजाणारा आपोआप हळू चालायचा.

मामांचा खरा हुन्नर आदल्या दिवशी दिसायचा. ते घरोघर जायचे. "उद्या गप बसा" असं कुणालाही म्हणायचे नाहीत, कारण कोल्हापूरच्या माणसाला गप्प बस म्हटलं की तो पहिल्यांदा बोलायला उठतो. ते ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे, सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करायचे आणि मग सहज विचारायचे, "वहिनी, तुमचा कुकर कवा लागतोय म्हणायचा?" वहिनी वेळ सांगायच्या. "उद्याच्याला जरा उशिरा लावला तर मालक उपाशी ऱ्हाईल का?" यावर हशा व्हायचा आणि काम झालेलं असायचं. चहाला नाही म्हणणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. त्यामुळं प्रत्येक सिनेमात एकदा तरी मामांचं पित्त खवळायचं.

एकदा आम्ही पेठ वडगावजवळ शूटिंग करत होतो. म्हातारा बाप आणि मुलगा बांधावर बसून बोलतात, एवढाच सीन. नेमकी पलीकडच्या रस्त्यानं वरात आली. बँड, ताशे, नाचणारी मंडळी. मामा "बघतो" म्हणून गेले आणि वळणाआड दिसेनासे झाले. थोड्या वेळानं बँड थांबला. आम्ही एक टेक केला, दुसरा केला, तिसरा केला, सीन संपला, सामान आवरलं, तरी मामांचा पत्ता नाही. शोधत गेलो तर मांडवात पंगत बसलेली आणि मामा नवरदेवाच्या मामांशेजारी पाटावर, पानात जिलेबी. "वरात नंतर काडा म्हटलं, पैलं जेवून घ्या, उपाशी नाचून पोरास्नी चक्कर यील," त्यांनी आम्हाला समजावलं. "तोंडात घास असला की माणूस गप बसतंय. पर मग मलाबी बसाय लागलं. पावणं म्हणून आलो आन् न जेवता गेलो, तर वाईट दिसतंय." त्या दिवशी आम्ही सगळेच तिथं जेवलो.

असले सिनेमे मामांना आवडायचे का, हे सांगणं कठीण आहे. पहिल्या पहिल्यांदा म्हणायचे, "ह्यात काय हुतच न्हाय गं पोरी. माणूस उठतंय, च्या पितंय, खिडकीतनं बघतंय. ते तर माझ्या घरीबी चाललंय." पण एकदा एका टेकच्या वेळी, टॉवेल वर धरलेल्या अवस्थेत, मी त्यांना दारातून आत बघताना पाहिलं. आत नटी नुसती चादर घडी करत होती. टेक संपला तरी मामांचा हात वरच होता. "माझी भैन अशीच घडी घालायची," एवढंच म्हणाले.

तर अशा या मामांच्या स्वतःच्या गल्लीत प्रसादनं सिनेमा करायचं ठरवलं. प्रसाद दिग्दर्शक, वडगावचाच, हळू बोलणारा, मामांच्या भाषेत "वरनभात खाल्ल्यागत बोलनारा". गोष्ट अशी की एक बस कंडक्टर निवृत्त होतो. आयुष्यभर पहाटे बाहेर पडून अंधार पडल्यावर परत आलेला माणूस पहिल्यांदाच दिवसभर घरात बसतो, आणि आपली गल्ली दिवसा कशी असते ते त्याला पहिल्यांदाच ऐकू येतं.

"मग मारामारी कवा?" मामांनी विचारलं.

"मारामारी नाही, मामा."

"पोरगी पळून जाती?"

"मुलगीच नाही त्याला."

"मग मरतो तरी का न्हाय त्यो?"

"नाही. तो कांदा चिरायला शिकतो."

मामांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "अवघड हाय," म्हणाले, "पर करू." आणि ते घरोघर गेले. या वेळी त्यांनी चहाबरोबर आणखी एक गोष्ट वाटली. "आपल्या गल्लीवर सिनेमा हाय. तुमी समदी त्यात असणार. शब्द माझा." त्यांच्या जुन्या हिशेबानं त्यात काही चूक नव्हती. गल्लीत शूटिंग म्हणजे गल्ली गर्दीत उभी राहणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

शूटिंगचा पहिला दिवस मी विसरणार नाही. मामांनी जीव ओतला होता. कुकर लागले नव्हते, मिक्सर बंद होते, कोपऱ्यावरच्या म्हशी पाहुण्यांच्या गोठ्यात गेल्या होत्या, भंगारवाल्याला चौकातच चहा देऊन बसवला होता. मारुतीच्या घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळलं होतं. पोपटाच्या पिंजऱ्यावर परकर टाकला होता. लोक आपापल्या दारात तोंड मिटून उभे, जणू फोटो काढायचा आहे. मी हेडफोन लावला आणि मला काहीही ऐकू आलं नाही. कोल्हापुरात जन्मून वाढलेल्या बाईला हे भयंकर वाटतं. आवाज आला तो एकच, खुर्चीवर बसलेल्या नटाच्या पोटात गुडगुडल्याचा.

प्रसाद खिडकीत आला. "मामा, गल्लीला काय झालं?"

"काय गप केलीया न्हवं!" मामा खालून, अर्थातच कुजबुजत, म्हणाले. त्यांची छाती फुगली होती.

"पण मामा, त्याला गल्ली ऐकू यायला पाहिजे. सिनेमाच तो आहे."

मामांनी टॉवेल हळूच खाली घेतला. "मग आदी सांगायचं की रं डायरेक्टर! घरोघर च्या पिऊन माझ्या पोटाचा बट्ट्याबोळ झालाय!"

मग त्यांनी उलटा हुकूम काढला. सगळ्यांनी रोजच्यासारखं वागायचं. झालं, गल्ली कामाला लागली. सगळे कुकर एकदम शिट्ट्या मारू लागले. रिकामे मिक्सर फिरू लागले. ज्यांनी जन्मात गाणं म्हटलं नव्हतं ते शिंदेकाका अंघोळ करताना भजन म्हणू लागले. एकमेकींना "ए भवाने" म्हणणाऱ्या बाया "अहो शेजारीणबाई" म्हणून हाका मारू लागल्या. मी हेडफोन काढून ठेवला. मघाची शांतता परवडली, असं मला वाटलं.

मामा पायरीवर बसून ते सगळं ऐकत होते. मग उठले, गल्लीच्या तोंडाशी जाऊन चपला घालून आले आणि करकर करत गल्लीभर हिंडले. "शूटिंग बंद हाय. डायरेक्टरला ताप आलाय. जावा आपापल्या कामाला." मला वर खोलीत माईक लावून बसवलं आणि बाहेरून कडी घातली. प्रसादला खरंच चादर घेऊन झोपवलं. घटकाभरात लोकांना कंटाळा आला, आणि मग गल्ली हळूहळू आपल्या वळणावर आली. एकेक कुकर आपापल्या वेळी वाजला. कुणी नळावरून भांडलं. म्हशी परत आल्या. कुणीतरी डायरेक्टरला शिव्या घातल्या, त्याही मी घेतल्या. संध्याकाळी मामांनी गल्लीला खरं सांगून टाकलं, "तुमचे आवाज घेतल्यात." लोक हसले, चार जणींनी मामांच्या नावानं बोटं मोडली आणि लगेच विचारलं, "आवाजाचं ऱ्हाऊ दे. दिसणार न्हवं आमी?"

तेव्हा कुठं मामांनी प्रसादला गाठलं. मी वरच्या खोलीत तिथंच केबली गुंडाळत होते. प्रसादनं सरळ सांगितलं, की कॅमेरा खोलीबाहेर जाणार नाही. कंडक्टर ऐकतो, बघत नाही.

"एकबी थोबाड न्हाय?"

"नाही, मामा."

"मी शब्द दिलाय रं समद्यास्नी."

प्रसाद मनानं चांगला. तो म्हणाला, "एक शॉट घेतो गल्लीचा. सगळ्यांना उभं करू. गोष्टीत कुठंतरी बसवतो." मामांचा चेहरा उजळला. ते खिडकीपाशी गेले, खाली बघितलं, खुर्चीकडं बघितलं, तिथून खिडकी कशी दिसते ते स्वतः बसून बघितलं. मग उठले. "हितनं गल्ली दिसत न्हाय," म्हणाले. "ह्यो बाबा तर हितंच बसणार. मग त्येला आमी दिसणार कशी? नगं. खोटं वाटंल ते." आणि चपला हातात घेऊन जिना उतरले. मला त्या माणसाचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला की काय सांगू! आणि तितकीच काळजीही वाटली, कारण मंगळवार पेठेत शब्द मोडलेला माणूस कसा जगतो ते मला माहीत होतं.

सगळ्यात अवघड होतं ते आक्कांचं. आक्का मामांच्या शेजारच्या, ऐंशीच्या पुढच्या, कानानं कमी. रोज दुपारी त्या आपल्या पायरीवर उभ्या राहून समोरच्या कुसुमला हाक मारायच्या, "जेवलीस का गं?" कुसुमचं उत्तर ऐकू यायचं नाही, म्हणून पुन्हा, आणखी मोठ्यांदा, "अगं, जेवलीस का न्हाय?" मामांचा टॉवेल त्यांच्यावर चालत नसे. मामा दिसले की त्या विचारायच्या, "सर्ज्या, मी दिसतो न्हवं रं त्यात?" आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असं पुरुषासारखंच बोलतात, त्यात नवल नाही. मामा म्हणायचे, "व्हय आक्का." आता मात्र ते आक्कांच्या दारावरून जाईनासे झाले. मागच्या बोळातून घरी जायचे, चपला हातात घेऊन.

सिनेमा तयार व्हायला, मोठ्या शहरांतून फिरायला बरेच महिने गेले. मग तो कोल्हापुरात लागला. प्रसादनं रविवारच्या दुपारच्या खेळाला अख्ख्या गल्लीला बोलावलं. मामा त्या दिवशी लेकीकडं इचलकरंजीला जाणार होते. मी फोन केला.

"मामा, सगळ्यांचे आवाज आहेत सिनेमात. स्वच्छ आहेत. मी स्वतः बसवलेत."

"आवाज कोण वळखतंय पोरी? माणूस आपलं थोबाड हुडकाय येतंय. तिथं बसून मी काय तोंड दाखवू?"

पण आक्का त्यांना सोडतील तर ना. सकाळीच नेसून-सवरून त्या मामांच्या दारात येऊन बसल्या होत्या. त्यांना धरून न्यायला दुसरं कुणी नको होतं.

गल्ली ठेवणीतल्या साड्या आणि इस्त्रीचे शर्ट घालून आली होती. मी मागच्या रांगेत होते. माझ्या पुढच्याच रांगेत, कडेच्या खुर्च्यांवर, आक्का आणि मामा. सिनेमा सुरू झाला. कंडक्टर उठला, चहा प्याला, खुर्चीत बसला. लोक आपापली तोंडं शोधत होते. थोड्या वेळानं चुळबुळ सुरू झाली. "मामा, आमी कुठं हाय?" कुणीतरी अंधारातून विचारलं. मामा खुर्चीत खाली खाली सरकले. दुसरं कुणी म्हणालं, "फशिवलं काय मामांनी?"

इतक्यात पडद्यावर, खिडकीच्या पलीकडं कुठंतरी, कुकरची शिट्टी झाली. शेवटाला जराशी वाकडी होणारी.

"ए, आमचा हाय त्यो!" एक बाई उभीच राहिली. "त्येची शिट्टी वाकडी हाय! आमचाच हाय!"

मग कोण थांबतंय? म्हैस हंबरली तर कोपऱ्यावरचे दोघं भाऊ एकदम ओरडले. शिंदेकाकांचा खोकला आला तेव्हा त्यांच्या नातवंडांनी टाळ्या पिटल्या. नळावरचं भांडण आलं तेव्हा भांडणाऱ्या दोघी शेजारी शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी ते पुन्हा सुरू केलं. बाकीचे प्रेक्षक आधी वैतागले आणि मग मान वळवून बघायला लागले. मामा खुर्चीत ताठ बसले. सिनेमाच्या संवादातलं एक अक्षर कुणाला ऐकू आलं नसेल, आणि ध्वनिमुद्रक म्हणून मी इतकी सुखी कधी झाले नव्हते.

मग पडद्यावर दुपार झाली. कंडक्टर कांदा घेऊन बसला. खालून हाक आली, "जेवलीस का गं?"

थिएटरातला आवाज केवढा मोठा. तो आक्कांच्या कानांपर्यंत सुद्धा पोचला. त्यांनी मामांचा दंड धरला.

"सर्ज्या, ही कोण रं?"

"आक्का, ही..." मामा सांगायला गेले.

"माझी आई हाय ही," आक्का म्हणाल्या. "माझ्या आईचा आवाज हाय ह्यो. कुठनं आणलास रं तिला?"

आपला आवाज त्यांनी कित्येक वर्षांत नीट ऐकलाच नव्हता, आणि बाहेरून तर जन्मात नाही. पुढच्या-मागच्या रांगा गप्प झाल्या. मला वाटलं, मामा आता खरं काय ते समजावून सांगतील. मामांनी दंडावरचा त्यांचा हात थोपटला.

"तुला घेतो म्हणालतो न्हवं," मग ते म्हणाले, "तुझ्या आईलाबी घेतलं."

पडद्यावरून दुसरी हाक आली, आणखी मोठ्यांदा. "अगं, जेवलीस का न्हाय?"

आक्का खुर्चीचा हात धरून अर्ध्या उठल्या. "जेवलो गं आई," त्यांनी पडद्याला सांगितलं, "जेवलो."

अंधारात मला मामांचा चेहरा दिसला नाही. पण माझा धंदा कानाचा आहे. मामा रडत होते, आणि नेहमीप्रमाणे मोठ्यांदा.